खलाशांच्या खोलीतली ऊब

१

आमच्या सोन्पो गावात जुन्या वास्तू चार. टेकडीवरचं नौदलाचं सभागृह, त्याच्या पायथ्याची जुनी शाळा, पूर्वी लढाऊ गलबतं ओढून ठेवायचे ती दगडी गोदी आणि बंदराच्या गल्लीतलं यॉम घराण्याचं घर. चारींच्या किल्ल्या माझ्या कमरेला असतात. बाजारातल्या बायका म्हणतात, इनग्यूच्या आईचं बरं आहे, राहायला दोन खोल्यांचा फ्लॅट आणि मिरवायला वाड्यांच्या किल्ल्या.

माझं काम धूर करायचं. बाहेरगावचे लोक हे ऐकून हसतात. पण ज्या घरात कुणी राहत नाही ते घर समुद्राच्या दमटपणाने आतून कुजतं. म्हणून आठवड्यातून तीनदा चुली पेटवायच्या. चुलीचा धूर जमिनीखालच्या दगडी नाळ्यांतून फिरतो आणि पलीकडच्या धुराड्यातून निघतो, म्हणजे लाकूड कोरडं राहतं आणि वाळवी लागत नाही. मग खोल्या उघडायच्या आणि तेल पाजलेल्या कागदाची ती पिवळी जमीन ओल्या फडक्याने पुसून काढायची. नऊ वर्षं हेच करतेय. स्वतःच्या घरात जन्मात एवढी जमीन पुसली नाही.

नवरा गेला त्याला दहा वर्षं झाली. इनग्यू माझा एकुलता एक. खेकडे धरायच्या बोटीवर इंजिन सांभाळतो. पंधरा-पंधरा दिवस उत्तरेला असतो आणि घरी आला की दोन दिवस नुसता झोपतो.

यॉमांच्या घराला खोल्या पाच आणि चालू चुली चार. पाचवी खोली समुद्राच्या बाजूला, अगदी टोकाला. यॉम जहाजवाले होते आणि त्यांच्या बोटींवरची माणसं तिथे झोपत, म्हणून ती खलाशांची खोली. तिच्या चुलीचं तोंड माझ्या लग्नाच्याही आधी कुणीतरी दगड-मातीने बुजवून टाकलंय. का बुजवलं, ते या वास्तू सांभाळणाऱ्या सरकारी कचेरीच्या कुठल्याही कागदात नाही. त्यामुळे तिथली जमीन हिवाळ्यात पाय ठेवू देत नाही. मी ती दोन मिनिटांत उरकते.

नोव्हेंबरातला मंगळवार होता. चार खोल्या झाल्या, पाचवी पुसायला घेतली. आतल्या भिंतीपासून गुडघ्यांवर मागे सरकत येत होते आणि मध्येच थांबले. का थांबले ते लगेच कळलं नाही. मग लक्षात आलं, डाव्या गुडघ्याला बरं वाटत होतं.

हात लावून पाहिला. एका माणसाच्या जेवणाच्या ताटाएवढी जागा, तेवढीच, छान ऊबदार होती. भोवती सगळा बर्फ.

२

मी देवभोळी नाही. नऊ वर्षं जुन्या घरांत एकटी वावरणाऱ्या बाईला ते परवडत नाही.

आधी बाहेर जाऊन बुजवलेली चूल पाहिली. माती जशीच्या तशी, तिच्यावर कोळ्याचं जाळं, जाळ्यात वाळलेली माशी. शेजारच्या खोलीच्या नाळ्या उलट्या अंगाला, उत्तरेच्या धुराड्याकडे जातात. या खोलीत ऊन येत नाही. विजेची तार नाही. मग वाटलं, मांजर बसून गेलं असेल. पण दाराला बाहेरून कडी होती आणि ती मीच काढली होती. तरी मी मांजराचा संशय धरून तिथेच बसले, डब्यातला भात खाल्ला आणि अर्ध्या तासाने पुन्हा हात लावला. ऊब तशीच होती.

दहा वाजता बांगदादा आला. तो सभागृहाचा रखवालदार, बहात्तर वर्षांचा, आणि दर मंगळवारी माझ्या चुलीवरचा सातूचा चहा प्यायला टेकडी उतरून येतो.

"बांगदादा, जरा इथे हात लावून बघा."

"तरुणपणी कुणी म्हणालं नाही हे," तो म्हणाला. "आता म्हणतेस तर जमिनीला लावायला."

"लावा हो."

कुरकुरत वाकला आणि पंजा टेकवला. "गार आहे. इनग्यूची आई, जमीन नाही, तुझा गुडघा तापलाय. दवाखान्यात जा."

"मला लागतेय ना ऊब. हे बघा, इथे."

"तुला चूल पेटवून पेटवून सगळीकडे चूलच दिसायला लागली आहे," असं म्हणत तो उठायला लागला. उठताना आधाराला त्याने दाराजवळ दुसरा हात टेकला आणि अर्धवट उठलेला तसाच राहिला.

"दादा, कंबर धरली का?"

"इथे," तो म्हणाला.

मी जाऊन त्याच्या हाताशेजारी हात ठेवला. त्याच्या बोटांना माझी बोटं लागत होती. जमीन थंडगार होती.

"इथे काही नाही, दादा."

तो हळूच खाली बसला आणि डोक्यावरची टोपी काढली. सभागृहात पूर्वी राजाच्या नावाला नमस्कार व्हायचा, तिथेसुद्धा हा माणूस टोपी काढत नाही. टोपी मांडीवर घेऊन तो त्या जागेवर हात फिरवत राहिला, झोपलेल्याच्या पाठीवर फिरवावा तसा.

"सेबोक," एवढंच म्हणाला.

सेबोक त्याचा धाकटा भाऊ. एकोणिसाव्या वर्षी बोटीवर गेला, त्याला आता शेहेचाळीस वर्षं झाली. बोटीची फळीदेखील मिळाली नाही. गावात सगळ्यांना ठाऊक आहे, बांगदादाच्या आईने अकरा वर्षं त्याच्यासाठी रोज भात राखून ठेवला होता.

मी चहा आणला. त्याने तो थंड होऊ दिला आणि मग थंडच प्यायला.

३

भात राखणं म्हणजे काय ते माझ्या वयाच्या कुणालाही सांगावं लागत नाही. घरातलं माणूस बाहेर गेलं की त्याच्या वाटचा भात झाकणाच्या पितळी वाडग्यात भरायचा, चुलीजवळच्या सर्वांत ऊबदार जागी ठेवायचा आणि वर दुलई घालायची. माणूस कधीही आलं तरी गरम घास मिळाला पाहिजे. आणि भात राखलेलं माणूस परमुलखातही उपाशी राहत नाही, अशी आमच्या सासूबाईंची खात्री होती. माझा नवरा समुद्रावर असेपर्यंत त्यांनी एक दिवस चुकवला नाही. तो प्रत्येक वेळी परत आला आणि शेवटी यकृताच्या आजाराने अंथरुणात गेला.

मी कधी राखला नाही. फ्लॅटमध्ये जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्या असतात, सगळी जमीन सारखीच कोमट. उबेची अशी जागाच नाही. आणि भात काय, विजेच्या कुकरात दिवसभर गरम राहतो. आता कुकरच आईच्या मायेने वागतो, मग आईने काय करायचं.

त्या मंगळवारी घरी येऊन मी बराच वेळ हात बघत बसले. भीती वाटली असं नाही. रात्री तारे बघताना पाय जमिनीवर आहेत की नाहीत असं होतं ना, तसं झालं होतं. शेहेचाळीस वर्षं जो परतला नाही त्याच्यासाठी कुठेतरी कुणीतरी एक हातभर जमीन गरम ठेवली होती. कोण ठेवतं हे विचारायचीही माझी छाती होईना. मग मनात आलं, ती जागा बांगदादाची होती, सेबोकसाठी. मला लागली ती जागा माझी. मग ती कुणासाठी?

बुधवारी सकाळी सव्वाआठला बोटीच्या कंपनीतून फोन आला. बोटीशी सोमवारी संध्याकाळपासून संपर्क नाही. हवा वाईट आहे. शोध चालू आहे. बोटीवर अकरा जण. सात आपले, चार इंडोनेशियाचे.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात. माझी सरकली नाही. मला आधी आठवली ती खलाशांच्या खोलीतली जमीन. शनिवारी मी ती सगळी पुसली होती, कोपरान् कोपरा, तेव्हा ती गार होती.

४

मी धावत जाऊन खोली उघडली. जागा तिथेच होती, तेवढीच आणि ऊबदार. मी तिच्यावर दोन्ही तळवे ठेवले आणि पहिल्यांदा रडले, कारण मला वाटलं, ऊब आहे म्हणजे तो आहे.

मग रडता रडता डोकं चालायला लागलं, आणि ते चाललं नसतं तर बरं झालं असतं. सेबोकची जागाही गरम होती. ऊब असणं म्हणजे माणूस असणं नव्हे. ऊब म्हणजे माणूस आलेलं नाही, एवढंच. इनग्यू पाच वर्षं बोटीवर जातोय, माझी जागा इतके दिवस नव्हती. सोमवारी संपर्क तुटला आणि मंगळवारी ती उमटली. जे यायचे असतात त्यांच्यासाठी जागा उमटत नाही.

दुपारी कचेरीतल्या मो बाई आल्या. तिशीतली मुलगी, शिकलेली, या घरांची दुरुस्ती तीच बघते. कुणीतरी तिला इनग्यूचं सांगितलं होतं.

"मावशी, तुम्ही घरी जा. मी बघते इथलं."

"घरी जाऊन काय करू? मो बाई, तुमचा तो उष्णता दाखवणारा कॅमेरा गाडीत आहे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. पण आणला. खरंच गुणी मुलगी. पडद्यावर सगळी खोली निळी दिसत होती, काठापासून काठापर्यंत एकसारखी. निळ्यात फक्त आम्ही दोघी लाल. मी माझ्या जागेवर हात ठेवलेला होता आणि हाताला ऊब लागत होती. पडद्यावर माझ्या हाताखाली निळंच होतं.

"गार आहे मावशी," ती हळू आवाजात म्हणाली. "सगळी खोली गार आहे. पुढच्या महिन्यात ही चूल उघडून घेऊ आपण."

"उघडू नका."

"का?"

"गरज नाही तिला," मी म्हणाले. तिला वाटलं असेल, बिचारीचं डोकं ठिकाणावर नाही. मलाही तसंच वाटत होतं.

५

गुरुवारी नणंदेचा फोन आला. समुद्रात गेलेल्यांसाठी किनाऱ्यावर विधी करणारी एक बाई तिच्या ओळखीची आहे, वेळेत केलेलं बरं.

"कशाची वेळ?" मी विचारलं.

"वहिनी, चार दिवस झाले. पाणी किती थंड असतं या दिवसांत."

"तू फोन ठेव आता, नाहीतर मी काहीतरी बोलेन."

ज्याच्यासाठी विधी केला तो मेलेल्यांत गेला. त्याचं ताट वेगळं, त्याचा चमचा भातात उभा रोवायचा. मी अजून आईच होते. मी कपाटाच्या तळातून सासूबाईंचा पितळी वाडगा काढला, राखेने घासला, तांदूळ धुतले. काळे घेवडे घातले नाहीत, त्याला आवडत नाहीत, लहानपणी एकेक वेचून ताटाच्या कडेला लावायचा. वाडगा शिगोशीग भरला आणि झाकण ठेवून ठेवायला वळले. आणि ठेवायला जागाच नव्हती. साऱ्या फ्लॅटभर ती सारखी कोमट जमीन, जिला माझा मुलगा आणि सोफा एकच.

म्हणून मी वाडगा दुलईत गुंडाळला, पोटाशी धरला आणि यॉमांच्या घरी गेले. मला माहीत असलेली उबेची जागा तेवढी एकच होती. ती खोली कुणाची आहे, तिथे कोण कोण झोपून गेलंय, याचा विचार माझ्या मनात आला नाही. आला असता तरी मी गेलेच असते.

वाडगा जागेवर ठेवला, वर लाल दुलई पसरली, उजव्या हाताला चमचा आडवा ठेवला, जिवंत माणसाचा ठेवतात तसा. ते साडेनऊ वाजता. संध्याकाळी पाचला झाकण उचललं तर तोंडावर वाफ आली. भात नुकता उतरवल्यासारखा मऊ होता.

मी झाकण ठेवलं आणि दुलईला कपाळ टेकवून बसून राहिले. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ मोठ्या गोष्टी पुसल्या आहेत. सभागृहाचे खांब दोन माणसांच्या कवेत मावत नाहीत. पण इतक्या मोठ्या कशासमोर मी कधी बसले नव्हते. ते जे काही होतं त्याने माझा एक वाडगा मान्य केला होता.

६

शुक्रवारी दुपारी दोनला मी ताजा भात नेला. कालचा मी स्वतः खाल्ला, राखलेला भात टाकायचा नसतो. मग आपण हिवाळ्यात बसतो तसे दुलईखाली पाय घालून बसले. लहानपणी एका दुलईत घरातल्या सगळ्यांचे पाय असायचे, चारी बाजूंनी. इनग्यू बाहेरून आला की मुद्दाम आपले गारठलेले पाय माझ्या पोटरीला लावायचा.

बंदरात मासळीच्या लिलावाचा भोंगा चालू होता, तो थांबला. मग समुद्रपक्षी थांबले. समुद्राच्या बाजूचं कागदी दार खिळे मारून बंद आहे, त्याचा कागद एकदा आत फुगला आणि परत गेला. डिझेलचा आणि ओल्या लोकरीचा वास आला.

समोरची दुलईची कड उचलली गेली. जेमतेम चार बोटं. थंडीतून आलेलं माणूस ऊब बाहेर जाऊ नये म्हणून उचलतं ना, तेवढीच. दोन उंचवटे आत सरकले आणि कड खाली आली.

मग डावीकडची कड उचलली. मग उजवीकडची. मान वर करून पाहिलं की नुसती खोली होती, भिंत, फळी, कागदातून येणारा उजेड. खाली दुलईकडे पाहिलं की ती भरत चालली होती. कुणी घाई केली नाही. एक स्थिरावला की दुसरा यायचा. शेवटी दुलई सगळीकडून तट्ट फुगली आणि जागा उरली नाही.

माझ्या पोटरीला एक पाऊल टेकलं. थंडी म्हणजे काय ते मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.

मी ओरडले नाही. भीती होती, दात वाजत होते. पण भीतीच्या वर दुसरं काहीतरी होतं, ज्याच्यापुढे भीती लहान पोरासारखी गप्प बसली होती. मी विचार केला तो एकच, यात माझा आहे का? इनग्यूच्या डाव्या पायाची करंगळी दोरखंडात तुटली आहे. ते पाऊल मी अंधारातही ओळखेन. मी दुलईखाली हात घातला.

एक पाय लोकरी मोज्यात. एक अनवाणी, नख फुटलेलं. एक म्हाताऱ्याची भेगाळलेली टाच. एक रुंद पाऊल, बोटं फाकलेली, अनवाणी वाढलेल्या माणसाचं. इनग्यूच्या बोटीवरचा, जावा बेटावरचा वार्सितो असाच बिनमोज्यांचा आमच्याकडे जेवायला आला होता आणि मी त्याला रागावले होते. परकी बाई पायांना हात लावत होती, पण एकानेही पाय ओढून घेतला नाही. सगळ्यांनी मला शोधू दिलं. दहा जोड्या झाल्या. मी पुन्हा पहिल्यापासून चाचपत गेले. दहाच. आणि प्रत्येक डावा पाय पुरा.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"इनग्यूची आई का? कंपनीतून बोलतोय. तराफा मिळाला. तुमचा मुलगा जिवंत आहे. शुद्धीवर आहे."

"आणि बाकीचे?"

"ते... त्यांच्याबद्दल आत्ता काही सांगता येणार नाही. घरच्यांना आधी कळवायचंय."

मी हसले. मला ते आवरलंच नाही. तोंडावर हात दाबला तरी आवाज बाहेर आला. दहा जणांसमोर बसून मी आनंदाने हसले.

माझ्या पोटरीला टेकलेलं पाऊल हळूच मागे झालं. मग त्याच्या शेजारचं. आपण चुकून दुसऱ्याच्या घरी आलो हे लक्षात आल्यावर पाहुणा कसा, यजमानाला अवघडायला नको म्हणून, आवाज न करता पाय आवरतो, तसे ते एकेक करून निघाले.

"बसा," मी म्हणाले. "अहो बसा, उठू नका. मी करते ना भात. बसा रे."

दुलई सपाट झाली. मी झाकण उचललं. भात गार आणि टणक होता, दोन दिवसांचा असावा तसा. खालची जमीनही गार होती.

७

त्या घरात भात शिजवायला बंदी आहे, पाटी मीच पुसते. मी गल्लीतल्या दुकानातून मिळाले तेवढे तांदूळ आणून मोठ्या लोखंडी हंड्यात टाकले. बांगदादा टेकडीवरून धूर बघून खाली आला.

"अगं, मो बाई आपल्या दोघांना घरी बसवेल."

"इनग्यू सापडला."

उंबऱ्यावर बसू नये हे विसरून तो उंबऱ्यावरच बसला. "मग रडतेस कशाला?"

मी सगळं सांगितलं. सांगताना भात ढवळत होते, कारण त्याच्याकडे बघून सांगता आलं नसतं.

"दहा आले, आणि वाडगा एक?" त्याने शेवटी विचारलं.

"मला काय माहीत दादा. मी माझ्या पोराचा ठेवला."

"खलाशांच्या खोलीत एकाचं जेवण कुणी ठेवतं का गं," तो म्हणाला. रागाने नाही. मग माझा चेहरा पाहून म्हणाला, "कुठल्याही आईने तेच केलं असतं. माझ्या आईनेही केलं असतं."

तो शाळेत गेला आणि काचेच्या कपाटातले जुने पितळी वाडगे टोपीत आणि कोटाच्या खिशांत भरून घेऊन आला. दहा. आम्ही ते भरले, गोल मांडले, वर दुलई घातली, प्रत्येकाच्या उजव्या हाताला चमचा ठेवला. चार चमचे मी वार्सितो आणि त्याच्या गावच्यांसाठी ठेवले. त्यांच्या आयांना भात राखतात हे ठाऊक नसणार, आणि आज कुणी सांगायलाही गेलं नसणार. मग दोघं भिंतीला टेकून बसलो.

लिलावाचा भोंगा पुन्हा सुरू झाला. दिवे लागायच्या वेळेपर्यंत कड उचलली नाही. एकेक झाकण काढून पाहिलं. दहाही वाडगे गार झाले होते, साधे, भात होतो तसे.

८

शनिवारी सकाळी इनग्यूचा फोन आला, ज्या जहाजाने त्याला उचललं त्यावरून. आवाज बसलेला होता. मी विचारलं, जेवलास का? तो म्हणाला, पेज प्यायलो.

"आई, कुणी विश्वास ठेवत नाही. डॉक्टर म्हणतात भ्रम झाला असेल."

"मला सांग."

"आम्ही अकराही जण तराफ्यात पोचलो होतो. बुधवारी सगळे सारखेच गारठलेले. गुरुवारी सकाळी, साडेनऊच्या सुमाराला, माझे पाय गरम झाले. एकाएकी. कप्तानाला वाटलं मला ताप भरला. हात लावून बघितला, तर त्याला गारच लागले."

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"मी म्हटलं, या, सगळे या, माझ्या पायांना पाय लावा. सगळ्यांनी लावले, चारी बाजूंनी. वार्सितो माझ्या पोटरीला चिकटून होता. मी खूप प्रयत्न केला, आई. पण ती ऊब माझ्यातून त्यांच्यात जाईना. शुक्रवारी दुपारी एकेकाचा पाय सुटत गेला. मला कळत होतं कोणाचा सुटला ते. माझ्यातच काय होतं असं? मीच का?"

"इनग्यू," मी म्हटलं, "आधी घरी ये."

तो मंगळवारी आला. दिवसभर झोपतो, उठला की तोच प्रश्न विचारतो. त्या दहांपैकी दोघांच्या आया आमच्याच इमारतीत राहतात. जिन्यात भेटल्या की माझे हात हातात घेतात आणि म्हणतात, तुझा तरी आला, देव पावला. मी मान हलवते. वाडगा एकच ठेवला होता, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.